म्हशीच्या जागेवरचं मशीन

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लेकीचं बाळंतपण उरकून दिंद्रुडहून परत आल्या तेव्हा एस.टी.तून उतरून घरात न येता थेट गोठ्याकडे गेल्या. पिशवी माझ्या हातात दिली, पाय धुतले नाहीत, पाण्याचा तांब्याही घेतला नाही. इतके दिवस म्हैस दिसली नव्हती, जीव तिच्यात अडकलेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शंभू महादेवाचं नाव घेत होते. गोठ्यात म्हैस नाही हे मला ठाऊक होतं, आणि ते सांगायचं धाडस घरात कुणालाच झालं नव्हतं.

म्हशीच्या जागी एक मशीन उभं होतं. चार पाय, वर उतरती लांबलचक काच, आणि मागच्या बाजूला उभ्या काचेवर निळा समुद्र, एक पाणबुड्या आणि त्याच्याभोवती विळखा घालणारं आठ पायांचं जनावर. आईला नवल वाटावं म्हणून आमच्या ह्यांनी आधीच बटण दाबून ठेवलं होतं. दिवे भराभर लागले आणि मशीन घोगऱ्या आवाजात इंग्रजीतून काहीतरी बोललं.

"हे काय हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"पिनबॉल म्हणत्यात, आई. लोखंडी गोळी आत फिरती, ती खाली पडू द्यायची न्हाई, आसा खेळ हाय. परदेशी माल हाय."

"आन म्हैस?"

हे खाली बघत म्हणाले, "म्हैस इकूनच आणलंय."

आत्याबाईंनी त्या आठ पायांच्या जनावराकडे नीट बघून घेतलं. "पाय तर लई हायती," त्या म्हणाल्या. "दूध किती देतं?"

आमचं नेकनूरला जनावरांच्या बाजाराला लागून सरकी-पेंडेचं दुकान. पेंड, दोर, म्होरक्या, घुंगरमाळा असला सगळा माल. दुकानामागे घर, घरामागे गोठा. पेंडेची गाडी भरायला हे औरंगाबादला जात. तिथे एक मोठं हॉटेल धड चालू व्हायच्या आत बंद पडलं होतं आणि त्याचं सामान लिलावात निघालं होतं. हे नुसते बघायला म्हणून गेले. मशीनच्या पुढच्या अंगाला पितळेची एक पाटी होती आणि तिच्यावर कोरलं होतं की अशी मशीनं फक्त पाचशे काढली, त्यातलं हे तीनशे सातवं. लिलाववाल्याने कानात सांगितलं, याची किंमत कधी उतरायची नाही. झालं, ह्यांचं डोकं फिरलं. गावी येऊन म्हैस विकली आणि पुढच्या गाडीत पेंडेच्या पोत्यांवर बसवून मशीन आणलं.

ती वर्षंच तशी होती. पेपरात रोज काहीतरी खुलं झाल्याची बातमी यायची. कुणी शेअर घेत होतं, कुणी पाटोद्याच्या रस्त्याला प्लॉट, कुणी सागवानाच्या रोपांत पैसे घालत होतं, आणि सगळ्यांचं बोलणं एकच, घेऊन ठेवा, वाढत जाईल. ह्यांना वाटलं, गावात आपण एकटेच मागे राहिलो. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून मला विचारलं नाही. तेवढी अक्कल मात्र होती.

एक गोष्ट ह्यांनी रीतीप्रमाणे केली होती. म्हैस दिली, पण तिचं दावं दिलं नव्हतं. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत, घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत निघून जाते, असं मानतात. ते दावं खुंटीला टांगलेलं बघून आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हे घाईघाईने म्हणाले, किंमत वाढली की याच्यातूनच दुसरी म्हैस येईल. पदराने डोळे पुसून त्या ह्यांना म्हणाल्या, "ह्या मशीनची म्हैस व्हईल म्हणतूस न्हवं? मंग कर. तवर मी चहात दूध घालणार न्हाई."

आत्याबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. त्या दिवसापासून त्यांचा चहा कोरा. मुलांसाठी शेजारून रतीब लावला, तरी त्या दुधाचा थेंब त्यांनी कपात पडू दिला नाही. पाहुणे आले की माझी पंचाईत व्हायची. ट्रेमध्ये सगळे कप दुधाचे आणि एक काळा. पाहुण्यांनी विचारायची खोटी की आत्याबाई शांतपणे सांगायच्या, "माजी म्हैस आजून यायची हाय." हे तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून पसार.

सुरुवातीला मशीन खूप चाललं. बाजाराच्या दिवशी गोठ्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. बकऱ्या विकून आलेले धनगर काठ्या भिंतीला टेकवून उभे राहायचे. त्यांच्यातले एक म्हातारबाबा तर मशीन इंग्रजीत बोललं की "आलो, आलो" म्हणून त्याला उत्तर द्यायचे आणि मगच गोळी सोडायचे. मशीनला फार धसमुसळं हलवलं तर त्याचे दिवे जायचे आणि डाव बुडायचा. लोक म्हणायचे, रुसलं. मग ते पुन्हा खूश होईपर्यंत सगळे टोप्या सावरत गप्प उभे.

पुढे गावात केबल आली, बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान निघालं आणि गर्दी तिकडे वळली. मशीन उरलं आमच्या ह्यांच्या एकट्याचं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी एक डाव खेळायचा, काच पुसायची, सुकलेलं रबर बदलायचं. कुठली तार कुठे जाते हे त्यांना तोंडपाठ झालं होतं, आणि आमच्या लग्नाचा वाढदिवस मात्र दर वर्षी मलाच सांगावा लागे.

आत्याबाईंनी मशीनला कधी हात लावला नाही, एक पाटी सोडून. ते पितळ होतं. आमच्या घरात पितळ काळं दिसलं की आत्याबाईंना झोप लागत नाही. सोमवारी देवाची भांडी घासायला बसल्या की चिंचेचा गोळा घेऊन त्या गोठ्यात जायच्या आणि पाटी सोन्यासारखी करून यायच्या. पूर्वी म्हशीच्या गळ्यातली घंटा अशाच घासायच्या. मी एकदा म्हटलं, "मशीनचा राग हाय न्हवं तुमाला?" तर म्हणाल्या, "पाटीनं माजं काय बिघडिवलंय?"

अशी काही वर्षं गेली. घरात मशीनची किंमत रुपयांत बोलायची सोय राहिली नव्हती. सगळं म्हशीत चालायचं. बीडचा एक भंगारवाला येऊन बघून गेला, त्याने पाव म्हैस सांगितली. हे दोन दिवस जेवले नाहीत. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला माझा भाऊ सुट्टीत आला आणि मशीनचे फोटो काढून घेऊन गेला. महिन्याभरात शेजारच्या एस.टी.डी. बूथवाल्याने हाक मारली की पुण्याहून फोन आहे. कुणी एक गृहस्थ अशी मशीनं जमवतात म्हणे, बाजाराच्या दिवशी बघायला येतात.

आले ते पांढरे बूट घालून. आम्ही चहा ठेवला तर म्हणाले आधी मशीन बघू. बॅटरी पेटवली आणि गोठ्याच्या जमिनीवर पाठीवर झोपून मशीनखाली शिरले. आमच्या दुकानाच्या पायरीवर दर बाजारी बसणारे एक जनावरांचे दलाल होते, ह्यांनी त्यांना मध्यस्थीला बोलावलं होतं. दलालांना पाहुण्यांचं ते खाली शिरणं फार आवडलं. "मानूस जाणता हाय," ते हळूच ह्यांना म्हणाले. "खालून बघतोय."

पाहुणे कपडे झटकत उभे राहिल्यावर दलालांनी विचारलं, "याची जोडी कुठं हाय?"

"जोडी नसते याला," पाहुणे म्हणाले. "पाचशेच काढली, हे तीनशे सातवं. पुन्हा काढणार नाहीत. हे सोडून मला माहीत असलेलं एकही आपल्या देशात नाही."

दलालांचा चेहरा पडला. ह्यांना कोपऱ्यात घेऊन ते म्हणाले, "अप्पा, ही गोष्ट पुन्हा काढू नगा. बिनजोडीचं हाय म्हणल्यावर भाव ऱ्हातो का?" त्यांचंही बरोबर होतं. जोडीतला एक बैल गेला की मागे राहिलेला कितीही देखणा असो, बाजारात त्याला कुणी पुसत नाही. इतकी वर्षं ज्या पाटीच्या जोरावर हे ताठ मानेने वावरत होते, तिच्यामुळेच भाव पडतो की काय, असं त्यांना वाटायला लागलं.

शेवटी न राहवून ह्यांनी पाहुण्यांनाच विचारलं, "साहेब, खरं सांगा. नंबर हाय म्हणून किंमत टिकती का न्हाई टिकत?"

पाहुणे हसले. "नेहमी टिकत नाही. काही लोक नंबर बघून घेतात आणि खोकं न उघडता ठेवून देतात. दहा वर्षांनी उघडतात तेव्हा रबराचा भुगा झालेला असतो, तारा उंदरांनी खाल्लेल्या असतात. नंबर बघून माणूस तुमच्या दारापर्यंत येतो. पैसे देतो ते आत काय शिल्लक आहे ते बघून. तुम्ही हे चालतं ठेवलंय."

"बैलाचं बी तसंच," दलाल म्हणाले. त्यांना जरा धीर आला होता. "बसवून ठिवला की गेला. बरं अप्पा, आता खोड सांगा."

जनावर विकताना त्याची खोड आधी सांगायची हा बाजाराचा धर्म. ह्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. गोळी उडवणारी डावी पट्टी जरा सुस्त आहे. आठपायाचा एक डोळा लागत नाही. पावसाळ्यात आवाज बसतो. आणि मोठी खोड म्हणजे जोरात हलवलं की रुसतं. शेवटची खोड ऐकून पाहुण्यांना हसू आवरेना. ते म्हणाले, ते तसं मुद्दामच केलेलं असतं, नाहीतर लोक उचलून आपटतील. दलालांना ते पटलं नाही. खोड ती खोड.

मग भाव. दलालांनी खांद्यावरचं उपरणं हातावर टाकलं आणि त्याखाली पाहुण्यांचा हात धरला. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून बोलतात, म्हणजे चारचौघांना कळत नाही. पाहुण्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. दलालांनी त्यांची बोटं दाबली तसे ते दचकले आणि आपल्या मनातला आकडा मोठ्याने बोलून बसले. दारात जमलेल्या सगळ्या गावाने तो ऐकला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हैस आली की बे."

खरंच आली होती. चांगली दुसऱ्या वेताची, दुभती. दलालांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. सौदा उघड्यावर झाला याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं. पुढच्या बाजारी टेम्पो घेऊन येतो आणि रोख देतो, असं सांगून पाहुणे गेले. आत्याबाई सगळं ऐकत उंबऱ्यात बसल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी गोठ्याचा कोपरा सारवून घेतला आणि दुधाची चरवी माळ्यावरून खाली काढली. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी ह्यांना एकही टोमणा मारला नाही.

पुढचा बाजार उजाडला. टेम्पो दारात लागला. पाहुणे आत आले, मशीनपुढे वाकले आणि तसेच थांबले. पितळी पाटी होती तिथे चार भोकं होती.

"पाटी कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी वाकून मशीनखाली बघितलं. माझ्या मनात आधी मुलांचा संशय आला. तेवढ्यात आत्याबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "म्या काढली. देवापाशी ठिवलीय."

"कावून, आई?"

"कावून म्हंजी? जनावर दारातनं जाताना दावं-घंटा कोण देतं? इतकी वर्सं म्या घासली ती. ती घराची हाय."

पाहुण्यांना कळेना हसावं की काय करावं. ते समजुतीने म्हणाले, "आजी, त्या पाटीचेच तर अर्धे पैसे आहेत. ती नसेल तर हे कितवं मशीन आहे हे कुणाला पटवून देणार मी?"

म्हणजे अर्धी म्हैस. अर्धी म्हैस कुणी विकत नाही. मी आत्याबाईंजवळ गेले आणि म्हटलं, "द्या की आत्याबाई. म्हैस दारात आलीय तुमच्या." माझा आवाज चढला होता. रागाने मला रडू येत होतं. इतकी वर्षं तो काळा कप मी रोज त्यांच्यापुढे ठेवला होता.

"न्हाई आली तर न येऊ दे," त्या म्हणाल्या. "मी कोराच पिईन. पर गोठ्यातनं जनावर बी गेलं आन मागं त्याचं काय बी ऱ्हायलं न्हाई, आसं ह्या घरात झालं न्हाई. मी बी करणार न्हाई."

ह्यांनी आईकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि पायरीवर जाऊन बसले. त्यांना असं बसलेलं मी भंगारवाल्याच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

दलाल तोवर मशीनभोवती फिरत होते. त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "काकू, आपल्या म्हशीच्या कानात बँकेनं कर्ज देताना मारलेला बिल्ला व्हता का? नंबरचा?"

"व्हता की."

"इकली तवा बिल्ला काढून ठिवलता का घरी?"

"बिल्ला कसा काढतील? कानातला हाय त्यो. जनावरासंगं जातो."

"मंग ही पाटी म्हंजी बिल्लाच की. हिच्यावर नंबर हाय, तीनशे सात. घंटेवर कुठं नंबर आसतो?" मग ते वाकले, मशीनच्या मागून निघून भिंतीच्या बटणापर्यंत गेलेली काळी जाड वायर त्यांनी हातात धरली आणि हलवून दाखवली. "दावं हे हाय. इतकी वर्सं ह्यानंच बांधलं व्हतं."

आत्याबाईंनी वायर बटणापासून मशीनपर्यंत नजरेने मोजली. सगळा गोठा त्यांच्याकडे बघत होता. मग त्यांनी पाहुण्यांना विचारलं, "तुमी तुमचं दावं आणलंय का?"

पाहुण्यांना तोवर या घराची रीत समजली असावी. ते म्हणाले, "ही वायर तशीही बदलायचीच होती, आजी. मी माझी नवीन लावतो."

आत्याबाई उठून आत गेल्या आणि पाटी घेऊन आल्या. देवापाशी ठेवण्याआधीही त्यांनी ती घासली होती, आरशासारखी चमकत होती. पाहुण्यांनी ती हातात घेतली, उजेडात धरली, आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "हिला चिंच लावायला नको होती," एवढंच ते म्हणाले. आकडे मात्र अजून वाचता येत होते. हे पायरीवरून उठले, पेचकस घेऊन पाटीचे चारही स्क्रू परत बसवले, मग वायर सोडवली, गुंडाळली आणि आईच्या हातात दिली. आत्याबाईंनी ती म्हशीच्या जुन्या दाव्याशेजारी खुंटीला टांगली. मशीन चार माणसांनी उचललं. टेम्पोत ठेवताना ह्यांनी खाली गादी घातली, ती आमच्या अंथरुणातली होती हे मला रात्री कळलं.

म्हैस त्याच बाजारी घेतली. घेताना ह्यांनी आपल्याच दुकानातलं नवं दावं नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून आत्याबाईंनी स्वतः चहा ठेवला. दाट, दुधाचा, वर साय येईल असा. पहिला कप त्यांनी गोठ्यात नेऊन ह्यांच्या हातात दिला.

"घे. म्हशीला म्हैस आली. तुजं खरं झालं."

हे वाक्य ऐकायला आमचे हे इतकी वर्षं थांबले होते. मला वाटलं, आता गावभर सांगत सुटतील. त्यांनी नुसता कप धरला आणि तोंड फिरवून म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. नाक ओढल्याचा आवाज आला तो मी ऐकला नाही असं दाखवलं.

मी आत्याबाईंचा कप घेऊन गेले. त्यांनी माझ्यासमोर एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि कप परत माझ्या हातात दिला. "लई दूध झालं गं. सवय ऱ्हायली न्हाई. मला कोराच कर."

मी त्यांचा काळा चहा घेऊन परत आले तेव्हा त्या म्हशीकडे पाठ करून खुंटीकडे बघत बसल्या होत्या. रोज या वेळेला गोठ्यात दिवे लागायचे आणि मशीन इंग्रजीत बोलायचं. म्हैस शांतपणे रवंथ करत होती.

"लई सुनं वाटतंय," आत्याबाई म्हणाल्या. कोऱ्या चहाचा एक घोट घेतला आणि ह्यांना हाक मारली. "आरं, पुण्याला फोन लाव. त्यास्नी सांग, त्याला नुसतं बसवून ठिवू नगा. रोज एक डाव खेळा म्हणावं."